‘कथित’ वसुली, कायदेशीर झाडू

इंग्रजी काळातल्या तुरुंगांबद्दलचे सरकारी कागद वाचताना ‘कथित’ हा शब्द सतत आडवा येतो. कथित लाच, कथित वसुली, कथित मारहाण. कैदी सांगतो की जमादाराने पैसे घेतले, आणि कागद त्या सांगण्याला एक विशेषण चिकटवून पुढे जातो. माझ्या पीएचडीच्या विषयाचा एक कोपरा या कागदांत आहे, म्हणून गेली काही वर्षं हे विशेषण मी जवळपास रोज बघते. सुरुवातीला वाटायचं, असेल सरकारी सावधगिरी. पण कायदा शेजारी ठेवून वाचायला लागले तेव्हा कळलं की कैद्याचं म्हणणं कायम ‘कथित’च राहील याची सोय कलमांतच करून ठेवलेली आहे.

आणि दुसरी गोष्ट कळायला आणखी वेळ लागला. तुरुंगात सगळ्यांत जास्त जे उकळलं गेलं, त्याला ‘कथित’ म्हणायचीही कुणाला गरज पडली नाही. ते नियमावलीत छापलेलं होतं.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल. मेकॉलेच्या सूचनेवरून कंपनी सरकारने तुरुंगांची पाहणी करायला एक समिती नेमली आणि तिचा अहवाल १८३८ मध्ये आला. या समितीने देशभरातल्या तुरुंगांचे सर्वसाधारण दोष म्हणून ज्या गोष्टी मोजल्या त्यांत एक ठळक होती : खालच्या कर्मचाऱ्यांचा भ्रष्टाचार. जोडीला ढिली शिस्त, आणि कैद्यांना रस्त्याच्या कामावर पाठवण्याची पद्धत. म्हणजे तुरुंगात पैसे खाल्ले जातात ही बातमी राज्यकर्त्यांना १८३८ मध्येच होती, आणि ती त्यांनी स्वतः छापली होती. यावर उपाय काय सुचवला? कैद्याची दाद ऐकणारी जागा नाही. कैद्याचं आयुष्य आणखी कठोर करणं. शिक्षण, नीतीचे धडे, चांगल्या वागणुकीची सवलत, असल्या सुधारणेच्या सगळ्या कल्पना समितीने जाणीवपूर्वक नाकारल्या.

त्या काळात बऱ्याच ठिकाणी कैद्याला शिधा मिळत नसे, रोजचे काही पैसे मिळत. त्या पैशांतून त्याने सामान घ्यायचं आणि आपलं आपण रांधून खायचं. पैसा बंदिवानाच्या हातात, दुकानदार बाहेरचा, आणि मध्ये पहारेकरी. अशा जागी दस्तुरी कशी जन्मते ते सांगायला संशोधक लागत नाही. समितीने ही पद्धत मोडून सामाईक स्वयंपाकाचा मार्ग सुचवला आणि १८४० च्या दशकात बंगाल-बिहारच्या तुरुंगांत तो लागू व्हायला लागला. तिथे दंगे झाले. कुणाच्या हातचं खायचं, हा प्रश्न होता. १८५५ मध्ये आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी द्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा तर लोक तुरुंगाबाहेरही पेटले आणि मुझफ्फरपूरला सरकारने लोटे परत केले.

इतिहासाच्या पुस्तकांत हे दंगे वसाहतवादविरोधी प्रतिकार म्हणून येतात, आणि ते तसे होतेही. बंदिवानाच्या हातातली शेवटची वस्तू सरकार काढून घेत होतं. पण मी हे प्रकरण वाचते तेव्हा मला एक साधी शंका येते. ज्याच्या लोट्याला धर्म होता त्याचं ऐकलं गेलं. मग ज्याला गावच्या विहिरीवर लोटाच नेता येत नव्हता, तो कैदी त्या दिवशी त्याच तुरुंगात काय करत होता? सरकारने या दंग्यांतून जो धडा घेतला तो असा : जातीला हात लावू नका. त्या धड्याची किंमत पुढची पावणेदोनशे वर्षं कुणी मोजली ते पुढे येईलच.

१८५५ चंच तुरुंगाबाहेरचं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी सरकारी नोकर रयतेचा छळ करतात, या तक्रारींवर तीन जणांचा चौकशी आयोग बसला. इलियट, स्टोक्स आणि नॉर्टन. आयोगाने लोकांना बोलवलं आणि लोक मोठ्या संख्येने आले. बोटं चिरडणारी लाकडी ‘किट्टी’, मान वाकवून पायाला बांधून उन्हात ठेवायचा ‘अनुंडाल’, सगळं नोंदलं गेलं. छळ होतो, हे आयोगाने मान्य केलं. पण निष्कर्षात गोऱ्या अधिकाऱ्यांना अलगद बाजूला काढलं : लोकांचं गाऱ्हाणं त्यांच्याच देशबांधवांच्या क्रूरतेबद्दल आहे, युरोपियन अधिकाऱ्यांबद्दल नाही. मार्क्सने १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात या अहवालावर लिहिलं होतं, म्हणून डाव्या वर्तुळात तो थोडाफार माहीत आहे.

माझ्या मते हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी खोटा होता. वसुली ज्याच्या खजिन्यात जात होती त्याला त्याने सोडलं. आणि ‘देशी नोकर’ असा एकच गोळा करून, त्या नोकरांत जात कोणाची आणि मार खाणाऱ्यांत जात कोणाची, हेही पुसून टाकलं. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ मध्ये नेमकी ही गाठ सोडवली. गोरे अंमलदार ऐषआरामात गुंग, म्हणून कारभार भट कामगारांच्या हातात, आणि त्या दोघांच्या मध्ये शूद्र शेतकरी पिळला जातो. जोतीराव वरच्याला सोडत नाहीत आणि मधल्याचं नाव घ्यायलाही कचरत नाहीत. मद्रासच्या तीन साहेबांना जे जमलं नाही ते पुण्याच्या एका माळ्याने केलं, हे आपल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात अजून धडपणे शिकवलं जात नाही, ते असो.

आता १८९४ चा तुरुंग कायदा. हा कायदा मी पहिल्यांदा सलग वाचला तेव्हा कलम ९ बघून बरं वाटलं होतं. तुरुंगाच्या कोणत्याही अधिकाऱ्याने कैद्याला काही विकायचं नाही, त्याच्याशी पैशाचा किंवा दुसरा कसलाही व्यवहार करायचा नाही, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. याहून स्पष्ट काय पाहिजे? मग कलम ५४ वाचलं. कर्तव्यात कसूर करणाऱ्याला शिक्षा आहे, पण ती जेलर आणि त्याच्या हाताखालच्यांना : २०० रुपयांपर्यंत दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अधीक्षक त्या कलमात नाही. जिल्ह्याच्या तुरुंगाचा अधीक्षक त्या काळी बहुतेकदा सिव्हिल सर्जनच असे, बाकीचा जिल्हा सांभाळून तुरुंगात फेरी मारणारा. म्हणजे १८३८ आणि १८५५ चीच रीत. खालचा भ्रष्ट, वरचा अनभिज्ञ.

खरी मेख कलम ४५ मध्ये आहे. तुरुंगातल्या गुन्ह्यांची ती यादी. हुकूम न पाळणं, आजाराचं सोंग, बंदी असलेली वस्तू जवळ ठेवणं. त्याच यादीत आहे : अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या कैद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं. आरोप खोटा हे ठरवणार कोण? कलम ४६ प्रमाणे अधीक्षक. तोच चौकशी करणार, तोच निकाल देणार, तोच शिक्षा सांगणार, आणि त्या शिक्षांच्या यादीत ३० पर्यंत फटके होते. जमादाराने पैसे मागितले असं सांगायला जो कैदी जाईल, त्याचा साक्षीदार कोण? शेजारचा कैदी, ज्याला उद्या त्याच जमादाराच्या हाताखाली काम करायचं आहे. कलम २३ ने तर कैद्यांतूनच नेमलेल्या अधिकाऱ्यांनाही लोकसेवक ठरवलं. कैदीच पहारेकरी, आणि त्या पहारेकऱ्यावर बोट दाखवणं हा गुन्हा होऊ शकतो. पैसे घेणारा पकडला गेला तर तीन महिने, तक्रार करणारा पुरावा देऊ शकला नाही तर पाठीवर वेताचे वळ. अशा तराजूत जी तक्रार तोलली जाणार तिच्यामागे ‘कथित’ कायमचं लागणारच. तुरुंग खात्याच्या वार्षिक अहवालांत रकान्यांची कमी नसते. धर्म, वय, साक्षरता, आजार, मृत्यू, कारखान्याचं उत्पन्न. कैद्याकडून किती उकळलं, याचा रकाना नाही.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही तुरुंगाची वाटू शकते. लंडनच्या तुरुंगांतही एके काळी जेलर कैद्यांकडून उघड फी घेत. आपल्याकडे वेगळं काय, तर विकायला ठेवलेला माल. तुरुंगात भाकरी, तंबाखू, चिठ्ठी, दवाखान्यातली खाट हे सगळं विकलं जातं, पण सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे एखाद्या कामातून सुटका. कोलूतून सुटका, काथ्या कुटण्यातून सुटका आणि मुख्य म्हणजे संडासातून सुटका. आणि ही शेवटची सुटका काही लोकांना जन्मतःच फुकट मिळालेली होती.

उत्तर प्रदेशच्या १९४१ च्या नियमावलीतला एक नियम बघा. साधी कैद झालेल्याला हलक्या किंवा मानहानीच्या स्वरूपाचं काम सांगू नये, तो अशा कामाची सवय असलेल्या वर्गातला किंवा समाजातला असेल तर गोष्ट वेगळी. सवय! न्यायाधीशाने ज्याला श्रम सुनावलेच नाहीत, त्यालाही झाडू द्यायचा, कारण त्याच्या जातीला सवय आहे. पश्चिम बंगालच्या नियमांत सफाईवाले मेथर किंवा हाडी जातीतून निवडा, चांडाळांतून निवडा, आणि जेवण ‘योग्य’ जातीच्या कैद्याकडून रांधून घ्या, असं लिहिलेलं होतं. राजस्थानच्या १९५१ च्या नियमांत स्वयंपाक्यासाठी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू कैदी, आणि सफाईसाठी बाहेर असताना परंपरेने तेच काम करणारा. जो धंद्याने सफाईवाला नाही त्याला मात्र हे काम सक्तीने देता येणार नाही, असं संरक्षणही त्यात होतं. साल नीट वाचा : १९५१. संविधान लागू होऊन वर्ष उलटून गेलेलं होतं. आणि ज्या भटक्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या माणसांना कैदी-पहारेकरी नेमू नका, त्यांच्यात पळून जाण्याची उपजत ओढ असते, हेही या नियमावल्यांत होतं. म्हणजे काठी कोणाच्या हातात येणार नाही तेही जातीने ठरलेलं, आणि झाडू कोणाच्या हातात येणार तेही.

आता कलम ४५ पुन्हा आठवा. त्याच यादीत आणखी एक गुन्हा आहे, काम करायला उद्दामपणे नकार देणं. नियम सांगतो की संडास तुझा. तू नाही म्हणालास तर गुन्हा. तू म्हणालास की जातीमुळे माझ्यावर हे लादलं, तर त्यात आरोप कसला, नियमच तसा आहे. या माणसाकडून रोज जे काढून घेतलं जात होतं ते जमादाराच्या दस्तुरीपेक्षा किती तरी जास्त होतं. पण ती लाच नव्हती, वसुली नव्हती, ‘कथित’ काहीच नव्हतं. दुसऱ्याने चार पैसे देऊन जी सुटका विकत घेतली ती या माणसाच्या पाठीवर उभी होती. तो नसता तर जमादाराकडे विकायला काही उरलंच नसतं.

इथे घरातली एक गोष्ट सांगते. माझा मामा काही वर्षांपूर्वी जमिनीच्या भांडणातल्या एका केसमध्ये एकोणीस दिवस आत होता. पुढे निर्दोष सुटला. तुरुंगाचं नाव घेत नाही, ते कुठलंही असू शकतं. मुलाखतीला गेलेल्या मावशीला तिथल्याच एका ओळखीच्याने सांगितलं की अमुक रक्कम पोचवली तर संडासाचं काम लागत नाही. आजीने डोरलं गहाण ठेवलं. पैसे पोचले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बराकीतल्या मुकादमाने, तोही कैदीच, मामाला पूर्ण नाव विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडू हातात. मामा हे हसत सांगतो. शेवटी नेहमी म्हणतो, ‘पावती घ्यायची राहिली.’ आजीला हे तिच्या मरणापर्यंत सांगितलं नाही. तिचा समज, डोरल्याने पोराला वाचवलं.

माझ्या सगळ्या प्रकरणांपेक्षा मामाचे ते तीन दिवस जास्त स्पष्ट बोलतात. त्याच्याकडून वसुली दोनदा झाली. एकदा पैशाची, आणि मग जातीची. पहिलीबद्दल तक्रार करता आली असती, निदान कागदावर. दुसरीबद्दल कुणाकडे जायचं?

म्हणूनच मला तुरुंगाच्या आठवणी वाचताना राहूनराहून अडखळायला होतं. आपल्याकडे तुरुंगवासाचं साहित्य भरपूर आहे. अंदमानबद्दल मराठी माणूस शाळेपासून वाचतो : बारीसाहेब, दिवसाला ३० पौंड तेलाचा कोलू, वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार ही कैद्यांतूनच उभी केलेली उतरंड. त्या उतरंडीची दहशत खरी होती आणि ती सोसणाऱ्यांचे हाल खोटे ठरवायचा माझा हेतू नाही. पण तुरुंगाबद्दल कोण लिहू शकलं? ज्याला शिकता आलं, ज्याची वाट बघणारे छापखाने बाहेर होते. मैल्याची पाटी उचलणाऱ्या कैद्याने लिहिलेलं त्या काळचं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. तो दुसऱ्यांच्या आठवणींच्या कडेकडेने चालतो.

राजबंद्यांच्या लढ्याने तुरुंग बदलले हेही खरं. लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. त्या दबावाखाली सरकारने १९३० मध्ये कैद्यांचे ए, बी, सी असे वर्ग केले. वरचे वर्ग कुणाला, तर सामाजिक दर्जा, शिक्षण आणि राहणीमानाच्या सवयीमुळे ज्याला वरच्या पद्धतीने जगायची सवय आहे त्याला. पुन्हा तोच शब्द, सवय. एकाच्या सवयीने त्याला चांगलं अन्न, पुस्तकं, जादा पत्रं मिळाली, दुसऱ्याच्या ‘सवयी’ने झाडू. जे पूर्वी पहारेकऱ्याला पैसे देऊन मिळवावं लागे त्यातलं बरंच काही आता वर्गाच्या पाटीने मिळू लागलं. लाहोरच्या पोरांनी यासाठी जीव दिला नव्हता, हे इथे लिहून ठेवायला पाहिजे. सरकारने त्यांच्या मागणीचं हे करून टाकलं.

पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये वेगवेगळ्या राज्यांच्या तुरुंगांतली ही जातीची वाटणी उघड केली, मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. अस्पृश्यताबंदीचं कलम १७ आलंच, पण जातीमुळे सफाई लादणं ही कलम २३ खालची वेठबिगारी आहे, असंही निकाल सांगतो. माझ्या दृष्टीने निकालाचा गाभा हाच आहे. ज्याला नियमावल्या ‘परंपरा’ म्हणत आल्या त्याला न्यायालयाने सक्तीची वसुली म्हटलं. नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढा, तीन महिन्यांत नियमावल्या बदला, असे आदेश झाले.

मामाला मी ही बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘रकाना काढला ते बरं झालं. आडनाव कुठल्या रकान्यात असतं?’

न्यायालयाने जे रद्द केलं ते नियमावल्यांतलं. १८९४ चा कायदा अनेक राज्यांत अजून पाया म्हणून उभा आहे, आणि कैद्याची तक्रार खोटी ठरवून त्यालाच गुन्हेगार करणारं कलम त्यात तसंच आहे. २०२२ अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त माणसं होती, त्यांतले तीन चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून ‘कथित’च आहे असे. गंमत बघा, कैद्याच्या बाबतीत हा शब्द त्याला आत जाण्यापासून वाचवत नाही, आणि त्याच्याकडून पैसे घेणाऱ्याला मात्र तो सुखरूप बाहेर ठेवतो.

तक्रार ऐकणारा माणूस अधीक्षकाच्या हाताखालचा नको, सफाईच्या कामाला तुरुंगातल्या कुशल कामाइतकी मजुरी हवी, आणि त्या कामाची पाळी नावानिशी भिंतीवर लागलेली हवी, सर्वांना वाचता येईल अशी. २०२४ च्या निकालाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांना तुरुंगांची नियमित संयुक्त तपासणी करायला सांगितलं आहे. आपल्यातले अनेक वकील, कार्यकर्ते, प्राध्यापक अशा मंडळांवर जाऊ शकतात, काही आहेतही. त्यांनी नियमावलीची नवी प्रत मागण्याआधी बराकीच्या मागच्या बाजूला जावं आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला, मुकादम जवळ नसताना, विचारावं की आज संडास कुणी धुतले, काल कुणी धुतले आणि परवा कुणी.